अवकाश कोणाला?

प्रिय वनजाक्का,

आज माझ्या रविवारच्या मराठी वर्गातील मुलांना घेऊन तू अग्निबाणाचे उड्डाण पाहायला गेलीस. मी इथे कन्नड मुलखात, बोगादीत घरीच आहे.

साताऱ्याच्या शाळेत नेहमी पहिली येणारी मी या वर्गाच्या पहिल्याच तासाला म्हणाले, "मुलांनो, अवकाश सर्वांसाठी आहे."

नागरत्नाने विचारले, "मिस, मग मला अवकाश कधी देणार?"

सारे हसले. मागे बसलेली तूही हसलीस. "अय्यो, हेमा! कन्नडात अवकाश म्हणजे संधी गं!" मग पुढे येऊन तू फुगा फुगवलास आणि सोडलास. "इकडे नोडी, बघा, हवा मागे, रॉकेट पुढे!"

त्या फुग्यामागे सारा वर्ग तुझ्याकडे गेला. मला त्या फुग्याचाही हेवा वाटतो.

मराठीतला अवकाश मला तोंडपाठ होता; कन्नडातला तुला मिळाला.

हे पत्र पेटीत न टाकणारी,
तुझी मामेबहीण हेमलता