दारापाशी उभी असलेली शोभा

बुधवार, संध्याकाळ

आज वस्तीतल्या शाळेत मुलांचे दात तपासले. बहुतेकांच्या दाढा किडलेल्या, पण चौथीतल्या एका मुलीच्या अगदी स्वच्छ. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, "आईनं. ती रोज सकाळी नळावर सगळ्या पोरांकडून घासून घेते."

शाळा सुटल्यावर आई न्यायला आली आणि मी चकित झाले. ही तर शोभा. खराडीत ती ज्यांच्याकडे कामाला आहे, त्यांच्या मुलाला दर सहा महिन्यांनी माझ्या दवाखान्यात आणते. मी त्याला ब्रश कसा फिरवायचा ते दाखवते, तेव्हा ही दारापाशी उभी असते. दोन वर्षांत मी तिला साधं 'बसा' म्हटलं नाही. तुम्हाला मुलं आहेत का, हेही विचारलं नाही. का नाही विचारलं?

"ताई, कीड लागू नये म्हणून त्याच्या दाढांच्या खाचा बुजवल्यात ना, तसं हिचं होईल?"

"होईल. रविवारी आणा. पैसे नकोत."

ती घुटमळली. "एकटीला नाही आणणार. नळावरची सगळी येतील."

मी हो म्हटलं. दारापाशी उभं राहून माझं बोलणं इतकं मनावर आजवर कुणी घेतलं नव्हतं.