गंगा गाईच्या पाडीत वळूच्या मालकाला निम्मा वाटा न मिळण्याबाबत

प्रति,
मामलेदार साहेब,
डिचोली, गोवा.

विषय : पाडी आईपासून न तोडण्याबाबत.
संदर्भ : शेजारी दत्ताराम यांची तोंडी मागणी.

महोदय,

अर्जदार रुक्मिणी गावस (वय ७४) हिची गाय गंगा दीड महिन्यापूर्वी व्याली, पाडी झाली. दत्ताराम यांचा वळू त्याच्या नऊएक महिने आधी कुंपण मोडून, तांबडी भाजी खाऊन, न विचारता आला होता. नंतर त्याने गाभण गंगेची चौकशी केल्याचे ऐकिवात नाही.

आपली गाय दुसऱ्याला पाळायला दिली तर वासरांत निम्मा वाटा, ही अर्धेलीची रीत जुनी आहे. पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, राज्यातही कुंपण मोडणाऱ्याला अर्धेली मिळाल्याचे अर्जदारास आठवत नाही. परंतु जनावरांचे एक डॉक्टर "जात बापाची" म्हणाले आणि गावच्या चौघांनी ठरवले : सहा महिने पाडी दत्तारामाकडे, सहा महिने इकडे. दूधपिती पाडी नेली तर गंगा पान्हा सोडणार नाही, हे कोणी विचारले नाही.

दत्ताराम म्हणाले, "वयनी, बी माझ्या वळवाचें. तुजी गाय म्हणजे नुसतें मडकें."

अर्जदार म्हणाली, "मग मडक्याबगर पेज करून दाखय!"

अर्जदाराची नात शालिनी पणजीला जीवशास्त्र शिकते. तिच्या सांगण्याप्रमाणे वळूकडून वंशाचा धागा येतो तो बोचक्यासारखा गच्च आवळलेला. त्याची गाठ अंडेच सोडते, धागा स्वतःच्या हिस्टोन नावाच्या रिळांवर गुंडाळते. कुठले रीळ सैल करायचे, कुठले घट्ट, हे अंड्यातली विकरे खुणा करून ठरवतात. ती विकरे आईने आधीच भरून ठेवलेली. गर्भाच्या आठेक पेशी होईपर्यंत बहुतेक कारभार याच शिदोरीवर चालतो. म्हणजे अंडे मडके नव्हे, रांधपीण आहे. बोचके दारात टाकून गेलेल्यास तिच्या निम्म्या घराचा हक्क कसा?

मराठी की कोंकणी, हा राजभाषेचा वाद मिटला असे म्हणतात. हा अर्ज मराठीत आहे. गंगेला कोंकणीही कळते.

सोमवारी दत्ताराम दोर घेऊन येणार आहेत. तत्पूर्वी पाडी आईजवळ ठेवण्याचा लेखी हुकूम व्हावा. हुकूम न आल्यासही अर्जदार गोठ्याच्या दारात बसणार असून पाडी मिळणार नाही. हुकूम असल्यास भांडण कायदेशीर होईल, एवढीच विनंती.

आपली नम्र, परंतु दारातून न हलणारी,
रुक्मिणी कृष्णनाथ गावस
लाटंबार्से, १२ जानेवारी १९८९

सोबत : शालिनीने काढलेली आकृती. (शेपटीवाले ते वळूचे. गोल आहे ते अंडे. गाय इतकी गोल नाही.)