आरसा उलटं दाखवत नाही

सोमवार
पार्लरमधला पहिला दिवस. नवं गाव, नवं घर. निघताना आईनं माझेच केस तीनतीनदा विंचरले, जणू मीच पहिलं गिऱ्हाईक! माझी खुर्ची खिडकीजवळ, समोर भिंतभर आरसा. शिकवायला ताई आहेत, इथल्या सगळ्यांत जुन्या. मी आरशात बघून बट कापायला गेले, तर कात्री भलतीकडेच. ताई पोट धरून हसल्या.

मंगळवार
ताईंनी समजावलं. म्हणाल्या, आरसा डावं-उजवं करतच नाही. उजवा हात वर कर. उजवीकडेच दिसतो ना? तो फक्त पुढचं मागं करतो. तू भिंतीकडे तोंड केलंस, की आरशातली ती तुझ्याकडे करते. आपण मात्र तिला वळून समोर आलेलं दुसरं माणूस समजतो, म्हणून तिचा हात डावा वाटतो. खरंच कोणी वळून उभं राहिलं, तर त्याचा उजवा हात तुझ्या डावीकडे येईल. डोक्यात लख्ख उजेड पडला. मग कात्री सरळ चालली. ताईंनी पाठ थोपटली.

गुरुवार
केस सरळ करायच्या औषधाची बाटली गळत होती. पाण्याचा रिकामा फवारा दिसला, त्यात ओतलं. सांगायचं राहून गेलं. दुपारी ताईंनी नेहमीसारखं तोंडावर पाणी मारायला तोच उचलला—
डावा डोळा. ती किंकाळी कानांतून जात नाही.
मालकीणबाई म्हणाल्या, वय झालंय तिचं, तिनंच बाटल्यांची सरमिसळ केली असणार. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून.

शनिवार
ताई दवाखान्यात. त्यांची खुर्ची मला मिळाली, वर कौतुकही. ताट तसंच सारलं. आईला सांगितलं, डोकं दुखतंय.
दुपारी कपाळावरची बट सारायला उजवा हात उचलला. आरशात हात उठला, पण माझ्या डावीकडे.

रविवार
घरच्या आरशातही तेच. आरशातली ती दुसऱ्या माणसासारखी वळून उभी आहे. आता माझ्यासारखं काहीच करत नाही. नुसती बघते. रडते.
मी रडत नाहीये.

सोमवार
बस्स. सांगून टाकायचं. ताईंना फोन लावला. ताईंच्या यजमानांनी उचलला. म्हणाले, अगं, आता परत कशाला? सकाळी येऊन सगळं कबूल केलंस, पाय धरलेस. हिनं मनापासून माफ केलंय तुला. जा, शांत झोप.
सकाळपासून मी या खोलीतून हललेले नाही.
आरशात पाहिलं. पलंग आहे. खुर्ची आहे. मी—

संध्याकाळ
दार वाजलं. आईनं उघडलं. म्हणतेय, आज किती मोकळी दिसतेस गं. दोघी हसताहेत. माझा आवाज— तोच आवाज, तिच्या तोंडून—
हाक मारली. आईला ऐकू गेली नाही. पुन्हा मारली.
पावलं इकडेच. ती आत आली, की आरशासमोरच्या या खुर्चीत बसेल, हात उचलेल, आणि मग मलाही तो—