धाकट्याची तालीम

३ मे
आज जिन्यात वरच्या मजल्यावरची ती म्हणाली, “तुझ्या धाकट्या भावाला घेऊ का रे माझ्या अभ्यासाला?” – आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं! स्वमग्न मुलांवर संशोधन करायला पदवीच्या पोरांना उन्हाळाभराची शिष्यवृत्ती मिळते, ती तिला मिळालीय. मूल अनोळखी माणसाकडे कधी बघतं, ते टिपायचं. पहिलं चित्रीकरण तिच्या कॉलेजातल्या मॅडमना पटलं नाही, तर जागा दुसऱ्याला.
म्हणजे उन्हाळाभर ती आमच्या घरात! मी कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून भेट म्हणजे हा जिनाच.

५ मे
पण धाकटा कसला बघतोय, कप्पाळ! बोलत नाही. कोण आलं, कोण गेलं – त्याला ना सोयर ना सुतक. तिची शिष्यवृत्ती हातची जायची. म्हणून तालीम सुरू केली. समोरच्याच्या तोंडाकडे बघितलं की बाटलीचं एक झाकण. झाकणांपायी तो काहीही करतो.
आई म्हणाली, “स्वतः कॉलेजला रामराम ठोकलास, आणि आता मास्तर झालास होय?”

९ मे
जमलं! मी कॅमेऱ्यामागे उभा, खिशात झाकणं. तो बघत होता – तिच्याकडे! जाताना म्हणाली, “देवासारखा धावून आलास.” जेवण गेलं नाही.

१२ मे
माती केली मी.
मॅडम म्हणे तिला म्हणाल्या, “हा बघतो, आणि लगेच कॅमेऱ्यामागच्या कुणाकडे तरी हात पसरतो. कोणी शिकवलंय याला?”
ती आली ती तुटूनच पडली. “मला तो जसा आहे तसा हवा होता! तुला लाज वाटते का त्याची?”
“तुझ्यासाठी केलं!” मी असा ओरडलो की धाकट्याने कान गच्च दाबले.

१४ मे
मॅडमनी तिला आणखी एक संधी दिलीय. झाकणांची सवय सुटू द्यायची, मग नव्याने चित्रीकरण. पण मी समोर असलो की त्याचा हात पुढे येणारच. “उन्हाळाभर तू घरात नको,” ती म्हणाली. जमिनीकडे बघत.
मामाकडे जातोय. आईने बॅग भरली.

१५ मे
निघताना दाराशी माझ्या चपला नाहीत. धाकटा कोपऱ्यात बसलेला – दोन्ही चपला पोटाशी घट्ट. ओढल्या, सोडेना! ती नुकतीच आली होती, कॅमेरा अजून पिशवीतच होता.
ती काहीतरी म्हणाली. तिच्याकडे बघायचं राहूनच गेलं.
अनवाणीच बाहेर पडलो. दार ओढून घेतलं.