प्यासा क्षितिज, हाऊसफुल्ल

२६ मार्च १९८३, शनिवार
आजपासून रोजनिशी. नांदेडहून लातूरला बदली होऊन सात महिने झाले, पण मनातलं बोलावं असं माणूस इथे नाही. मित्र दोन आहेत. दोघांचीही सिनेमाची समज बेताची.

जिल्हा नवा, कलेक्टर ऑफिस नवं. माझी खुर्ची अजून आलेली नाही, बाकावर बसून टपाल बघतो. पण या जिल्ह्यात खरी उणीव खुर्चीची नाही, सिनेसमीक्षकाची आहे. ती मी भरून काढणार. संकल्प.

आमची पद्धत अशी. शुक्रवारी नव्या पिक्चरचा पहिला शो तिघांनी मिळून बघायचा. शनिवारी संध्याकाळी महादेवप्पांच्या हॉटेलात चर्चा. मग हात वर करून निकाल, आणि तो हॉटेलच्या फळ्यावर, 'वडा संपला' याच्या खाली. खडू माझ्याकडे असतो. निकालाआधी कुणी स्टोरी फोडायची नाही.

वीरण्णाने नियम मोडला. तो डाळीचा व्यापारी. बुधवारी धंद्यासाठी नांदेडला गेला. पिक्चर आधी नांदेडला लागतो, मग आठवड्याने आमच्याकडे. तिथे गुपचूप बघून आला आणि काल इंटरव्हललाच मला खुनी कोण ते सांगितलं. जाब विचारला तर म्हणे, "आवं, तुमाला घोर नगं म्हनून सांगितलं." आमच्या मागच्या दोन रांगांचाही घोर मिटला. याला मी दगाबाजी म्हणतो.

२ एप्रिल, शनिवार
मोठी बातमी. माणिकप्पा हॉटेलात आले. त्यांचा छापखाना आहे, आजवर लग्नपत्रिका छापायचे. आता जिल्हा झाला म्हणून साप्ताहिक काढतायत. त्यात सिनेमाचा कॉलम. लिहिणारा पाहिजे.

मी उठून उभा राहिलो. माणिकप्पांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि लिंबाजीला विचारलं, लिहिणार का? लिंबाजी आमच्या तिघांतला तिसरा, बँकेत कॅशियर आहे. शब्दांशी त्याचा संबंध स्लिपेपुरता. मी कारण विचारलं. माणिकप्पा म्हणाले, फळा मी रोज वाचतो, लिंबाजी जे म्हणतो ते खरं होतं, आणि तुम्ही म्हणता त्याच्या बरोबर उलटं होतं.

योगायोग! मी तसं स्पष्ट बजावलं. लिंबाजीने "मला जमणार न्हाई" म्हणायला हवं होतं. मैत्रीत एवढी अपेक्षा असते. तो म्हणाला, "बघू की."

शेवटी ठरलं: पुढच्या शुक्रवारच्या पिक्चरबद्दल ज्याचा अंदाज खरा ठरेल त्याला कॉलम. बायकोला, सुमनला, घरी आल्या आल्या सांगितलं. ती म्हणाली, नळ आज पण आला नाही.

८ एप्रिल, शुक्रवार
किशनरावांच्या टॉकीजला 'प्यासा क्षितिज'. काय पिक्चर आहे! एकही गाणं नाही. नायिका डोक्यावर घागर घेऊन पाऊण रीळ नुसती चालते. विहिरीपाशी पोचते, विहीर कोरडी. परत चालते. पार्श्वसंगीत नाही, फक्त वारा. ती शांतता नीट ऐकता यावी म्हणून मी मध्ये थोडा वेळ डोळे मिटले. वीरण्णाने कोपर मारून विचारलं, "घोरून राहिलात का?" अशा माणसांबरोबर कला बघावी लागते.

९ एप्रिल, शनिवार
चर्चा. मी चाळीस मिनिटं बोललो. भाकीत: तीन आठवडे, त्यात निदान दोन हाऊसफुल्ल.

लिंबाजी म्हणाला, "बाई घागर घिऊन चालताना आमच्या गल्लीत फुकट दिसती. तिकीट कामून काढावं?" भाकीत: सोमवारी उतरणार. वीरण्णा म्हणाला, "बाई चांगली हाय, पर लई चालती."

निकाल दोन विरुद्ध एक. कलेत बहुमताला अर्थ नसतो, म्हणून मी फळ्यावर 'अप्रतिम' असंच लिहिलं. गिऱ्हाइकांनी ते वड्याबद्दल समजून वडा मागितला, असं महादेवप्पा कुरकुरत होते.

११ एप्रिल, सोमवार
सुमनने रेल्वे लाईनीपलीकडच्या विहिरीवरून पाणी आणलं. एक खेप तुम्ही करा म्हणाली. मी केली असती, पण कॉलमच्या विचाराने मान आखडली आहे. उद्यापासून रोज एक खेप मी करायची. संकल्प.

संध्याकाळी टॉकीजला चक्कर. आत चिटपाखरू नाही. किशनराव तिकिटाच्या खिडकीत गालाला हात लावून बसले होते. मी धीर दिला, रसिकांवर विश्वास ठेवा. ते म्हणाले, उद्या पिक्चरची पेटी परत पाठवतो.

इतक्यात लिंबाजी आला. मला "राम राम, नरसिंगराव" केला आणि किशनरावांना हाताला धरून मागे घेऊन गेला, टॉकीजचं बोअर आहे तिथे. बराच वेळ कुजबुज. माझा पिक्चर लवकर उतरावा म्हणून किती घाई! नांदेडच्या माणसात हा कोतेपणा नसतो.

१२ एप्रिल, मंगळवार
पिक्चर उतरला नाही! उलट गेटवर नवी पाटी: 'प्रत्येक तिकिटामागे एक घागर पाणी मोफत.' छान. माझ्या अभिप्रायामुळे गर्दी वाढणार हे किशनरावांनी ओळखलं आणि रसिकांच्या तहानेची सोय केली. लिंबाजीचा डाव फसला.

मान अजून दुखते. खेप उद्यापासून.

१४ एप्रिल, गुरुवार
सुट्टी. मॅटिनी हाऊसफुल्ल! बोर्ड लागला! मी स्वतः बघितला, परत जाऊन पुन्हा बघितला.

बहुतेक बायका. आणि प्रत्येकीच्या कमरेवर घागर, नाहीतर हंडा. नायिकेशी केवढी एकरूपता! नांदेडला हजार पिक्चर बघितले, प्रेक्षक नायिकेच्या वेशात आलेला कुठे पाहिला नाही. इंटरव्हलला सगळं थिएटर उठून गेलं ते परत आलंच नाही. पुढचं दुःख झेपलं नसावं.

तिथून लिंबाजीच्या गल्लीत गेलो. आज जयंती. मिरवणुकीसाठी त्यांनी पाण्याचे रांजण भरून ठेवले होते, ओल्या फडक्यात गुंडाळलेले. लिंबाजी निळा फेटा बांधून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत होता. मी त्याला गाठलं आणि हार मान्य आहे का, ते विचारलं. तो हसून म्हणाला, "हाव, हारलो. पानी प्या." किती सहज म्हणाला! जरा तरी वाईट वाटायला हवं होतं. पाणी मात्र गार होतं.

१९ एप्रिल, मंगळवार
सुमन आज तिसऱ्यांदा 'प्यासा क्षितिज'ला जाऊन आली. हीच बाई दहा वर्षं माझ्या सिनेमाला 'थेरं' म्हणायची. शेजारच्या लक्ष्मीबाईंनाही घेऊन गेली. मी विचारलं, कोणता प्रसंग जास्त भिडला? म्हणाली, "गर्दी लई होती."

तिच्याकडे शब्द नाहीत, पण मनावर परिणाम झालाय. घरातलं पिंप काठोकाठ भरलेलं आहे. महिन्याने आज दोन बादल्यांनी आंघोळ केली. चांगल्या कलेने माणूस आतून ताजातवाना होतो, हे कॉलममध्ये घ्यायचं.

खेपेची आता गरज राहिलेली दिसत नाही.

३० एप्रिल, शनिवार
तीन आठवडे पूर्ण! माणिकप्पांनी हॉटेलात सगळ्यांदेखत सांगितलं, कॉलम नरसिंगरावांचा. टाळ्या लिंबाजीने आधी सुरू केल्या. दुखावलेला माणूस असं करतो. मी मोठ्या मनाने त्याला चहा पाजला.

कॉलमचं नाव 'क्षितिजापलीकडे'. पहिला लेख अकरा पानी झालाय. एक शब्दही कापू देणार नाही. संकल्प.

३ मे, मंगळवार
आज जे कळलं ते लिहवत नाही, तरी लिहितो.

हॉटेलात मी लेखाचा उतारा वाचून दाखवत होतो. घागरी घेऊन आलेल्या रसिकांवरचा. वीरण्णाला ठसका लागला. चहा नाकातून आला. मग त्याच्याच्याने राहवलं नाही. "आवं नरसिंगराव, पिक्चर कुनी बघितला? समद्या पान्याला येऊन राहिल्या. तिकीट काडायचं, घागर भरायची, घरी. आयडिया लिंबाजीचीच हाय की!"

मी महादेवप्पांकडे पाहिलं. ते कपबशा पुसायला लागले. म्हणजे यांनाही माहीत होतं. सगळ्या लातूरला माहीत होतं. पाटी मीसुद्धा वाचली होती, पण पाटी वाचणं वेगळं.

तडक बँकेत गेलो. लिंबाजीच्या खिडकीला रांग होती, रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर म्हणालो, तू माझ्याविरुद्ध पैज लावलीस आणि मागून मलाच जिंकवलंस? मला भीक घातलीस? याच्याइतका मोठा विश्वासघात मी ऐकलेला नाही. माझा आवाज चढला होता.

तो शांतपणे म्हणाला, "तुमाला जिंकवायचं न्हवतं, नरसिंगराव. पानी पायजे होतं. तुमी मधी आलात."

मागच्या माणसाने विचारलं, पैसे काढायचे नसतील तर बाजूला होता का? मी बाजूला झालो.

४ मे, बुधवार
एक शेवटचा माणूस उरला होता. सुमनला सरळ विचारलं, खरं सांग, तू तर बघितलास ना?

तिने भाकरी थापता थापता विचार केला. मग म्हणाली, "नाव काय होतं म्हणे त्या पिक्चरचं?"

वर म्हणाली, "तुम्ही खूश होता म्हणून बोलले नाही." रडू आलं. तिच्यासमोर नाही, मोरीत जाऊन. तोंड धुतलं. पाणी होतंच.

७ मे, शनिवार
साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. 'क्षितिजापलीकडे' चौकटीत आहे. खाली माझं नाव, ठळक. मध्ये अकरा पानांपैकी एकही ओळ नाही. त्याऐवजी:

'किशनरावांची टॉकीज: मॅटिनीच्या तिकिटाला एक घागर. रात्रीच्या शोला पाणी नाही. स्टँडजवळची टॉकीज: टँकर आल्यास अर्धी घागर. आपलं दोर-भांडं आणावं.'

छापखान्यात जाऊन भांडलो. माणिकप्पांनी मला बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं, अंक दुपारीच संपला, पुन्हा छापतोय. पुढच्या आठवड्याचं लवकर द्या, म्हणाले. मी देणार नाही, असं ठासून सांगून आलो.

घरी येईपर्यंत चार बायकांनी थांबवलं. नरसिंगराव तुम्हीच ना? उद्याचं काय? मी म्हणालो, चौकशी करून सांगतो. सभ्यता म्हणून म्हणालो.

१३ मे, शुक्रवार
किशनरावांकडे नवा पिक्चर. वर्षातला सगळ्यात मोठा. मारामारी, सात गाणी, सगळं. यावर खरीखुरी समीक्षा लिहून माणिकप्पांच्या टेबलावर आपटायची. संकल्प. हा शेवटचा.

सकाळपासून सुमनच्या अंगात ताप. मॅटिनीला निघालो तर तिने पडल्या पडल्या हंड्याकडे बोट दाखवलं. "आज तुम्हीच आणा. घरात थेंब नाही." मी मानेबद्दल काही बोललो नाही.

टॉकीजला लिंबाजी आणि वीरण्णा भेटले. लिंबाजीने माझ्या हातातला हंडा बघितला. "तुमची जागा धरतो," एवढंच बोलून आत गेला. मी तिकीट दाखवून बोअरच्या रांगेत लागलो. वाटलं, नावं पडेपर्यंत नंबर येईल. बोअरला धार बारीक. आतून गाणं ऐकू आलं, शिट्ट्या ऐकू आल्या. माझ्यापुढे लक्ष्मीबाई होत्या. इंटरव्हलची घंटा झाली तेव्हा माझ्यापुढे अजून आठ जणी. इंटरव्हलनंतरच्या एका गाण्याला रांग सोडून आत जाणार होतो. पण जागा गेली असती.

हंडा भरला तेव्हा आतली माणसं बाहेर यायला लागली होती.

१४ मे, शनिवार
चर्चा. हॉटेल भरलेलं. कॉलम वाचून लोक आता ऐकायला येतात. लिंबाजी म्हणाला, आधी नरसिंगराव बोलतील. सगळे गप्प झाले.

आठ-नऊ महिन्यांत असं कधी झालं नव्हतं. मी घसा साफ केला. नायक कोण होता तेही मला माहीत नव्हतं.

म्हणालो, "पाणी जरा गढूळ आहे."

कुणी हसलं नाही. महादेवप्पा हातातला कप ठेवून जवळ आले आणि विचारलं, "प्यायला चालंल का?"

"गाळून घेतलं तर चालेल," मी म्हणालो.