वरच्या दोन ओळी

रविवार, ९ मार्च
दुपारी अडीच

प्रिय टिल्लू,

प्रभूमध्ये सलाम. इथे सगळं ठीक आहे, तुमच्याकडेही असेल असं धरून चालते. सहा फुटांच्या, टक्कल पडत चाललेल्या माणसाला टिल्लू म्हणणं शोभत नाही हे मला कळतं. पण आता या वयात तुला दुसरं नाव कुठून शोधू?

आधी बातम्या. ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी अखेर भंगारात गेली. तिचा क्लच माझ्या गुडघ्यांच्या आधी गेला, एवढंच समाधान. नव्या गाडीत माझ्या बाजूचा ब्रेक नुसता पाय टेकवला तरी लागतो. सध्या सात जण शिकताहेत. त्यात आपल्या चर्चचे नवे पाळकसाहेबही आहेत. त्यांचा देवावर इतका भरवसा की आरशात बघतच नाहीत.

आणखी एक विद्यार्थिनी म्हणजे नियमकाकांची मुलगी. नियमकाका हे नाव तूच ठेवलं होतंस, रविवारच्या शाळेत ते पट्टी घेऊन उभे राहायचे तेव्हा. अजून तेच मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरी आहेत. पोरगी मात्र गोड आहे. दोन आठवड्यांपूर्वी चौकात गाडी वळवताना एकदम म्हणाली, "ताई, मी लग्न करणार आहे. तो आपल्यातला नाही. आणि धर्म बदलणार नाही, मीही त्याला तसं सांगणार नाही."

मी ब्रेक दाबला. समोर काहीच नव्हतं.

"बाबांना माहीत आहे," ती म्हणाली. "ते तुमच्याकडे येणार आहेत."

आले. माझ्या ऑफिसातल्या त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसले. चहा नको म्हणाले आणि दोन कप प्यायले. मग घसा खाकरून म्हणाले, "पोरी, शास्त्र तुझ्याइतकं मंडळीत कुणाला येत नाही. जरा मवाळ असं एखादं वचन असेल तर बघ ना. कमिटीपुढे ठेवायला."

"मवाळ?"

"म्हणजे बघ, पोरगा खरंच चांगला आहे. सगळ्यांना एकाच मापाने कसं मोजायचं?"

मला हसू आलं नाही, रागही आला नाही. नऊ वर्षांपूर्वी तुला ज्या मापाने मोजलं ते माप त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांना आठवतसुद्धा नसावं असं मला वाटलं.

तुला मात्र सगळं आठवत असणार. तुझी बायकोही आपल्यातली नव्हती, म्हणून तुम्ही नोंदणी करून लग्न केलंत. तीन आठवड्यांनी दोघं जोडीने उपासनेला आलात आणि तिसऱ्या बाकावर बसलात. पुढच्या रविवारी तू ऑर्गनवर होतास, ती त्याच बाकावर एकटी होती, आणि मी शास्त्रपाठ वाचला. आपल्या विश्वासात नसलेल्यांबरोबर एका जुवाला जुंपून घेऊ नका, असं बजावणारा तो उतारा. वाचताना मी मान वर केली नाही. त्या महिन्यात तुझं ऑर्गन वाजवणं बंद झालं, प्रभुभोजनाची भाकर मिळणं बंद झालं, आणि तुम्ही गाव सोडलंत. नंतर तू लिहिलंस, "ताई, तुझा काय दोष? तुला वाचायला दिलं ते तू वाचलंस." मी उत्तर दिलं होतं की कमिटीने सांगितलं, माझा नाइलाज झाला.

असो. नियमकाका गेल्यावर मी शास्त्र उघडलं. मवाळ वचन शोधावं लागलं नाही. त्याच प्रेषिताने त्याच मंडळीला लिहिलेल्या आधीच्या पत्रात ते आहे. जोडीदार आपल्या विश्वासातला नसेल, पण सुखाने नांदायला तयार असेल, तर त्याला सोडू नका, त्याच्यामुळे घर अपवित्र होत नाही, असा त्याचा अर्थ. किती सरळ आहे बघ. आणि टिल्लू, नऊ वर्षांपूर्वीही मला हेच आधी सापडलं होतं. बोट ठेवलं होतं मी त्यावर. मग पान उलटलं.

का, तेही सांगते. त्याच्या वरच्या दोन ओळी माझ्यावर आहेत. बायकोने नवऱ्याला सोडून जाऊ नये, असं तिथे लिहिलंय.

माझा नवरा हात उचलायचा हे मंडळीत सगळ्यांना माहीत होतं. त्या घरातून मला बाहेर कुणी काढलं हेही माहीत होतं. एका हातात माझी बॅग, एका हातात स्कूटरचं हँडल, आणि रस्ताभर तू एक शब्द बोलला नाहीस. त्यानंतर मला ते वचन कुणी वाचून दाखवलं नाही. सगळ्यांनी मिळून ते पान जणू चिकटवून टाकलं होतं. मला प्रभुभोजन मिळत राहिलं, शास्त्रपाठ मिळाला, मान मिळाला. मला भीती होती की तुझ्यासाठी ते पान उघडलं, तर कुणाची तरी नजर दोन ओळी वर जाईल.

गुरुवारी संध्याकाळी कमिटी बसली. आठ जण आणि पाळकसाहेब. नियमकाकांनी मला खूण केली. मी उभी राहिले आणि माझ्या ओळींपासून वाचायला लागले.

"खालचं वाच, खालचं," नियमकाका पुटपुटले.

"सगळं वाचू द्या," पाळकसाहेब म्हणाले.

सगळं वाचलं. मग मी म्हणाले, "पहिल्या दोन ओळी माझ्या आहेत. त्या तुम्ही मला कधी लावल्या नाहीत, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. खालच्या माझ्या भावाच्या होत्या. त्या तुम्ही त्याला कधी ऐकवल्या नाहीत."

शाळामास्तर होते समोर. ते शास्त्राचे पक्के. म्हणाले, "पण हे आधीच लग्न झालेल्यांसाठी आहे. या मुलीचं तर अजून व्हायचंय."

"बरोबर," मी म्हटलं. "माझ्या भावाचं झालं होतं. तीन आठवडे झाले होते."

नियमकाका टेबलाकडे बघत राहिले. मला कळलं की मी आणलेलं वचन त्यांच्या पोरीला वाचवत नाही, तुला वाचवतं. आणि एवढं बोलून मी गप्प बसले असते, तर त्या पोरीचं तुझ्यासारखंच झालं असतं. म्हणून मी म्हणाले, "मी तिला अडवायला उभी राहिले नाही. तिने त्याच्या देवाला हाकलायचं नाही आणि त्याने तिच्या, एवढं दोघांत ठरलंय. आपल्यापैकी किती घरांत एवढं तरी ठरलेलं असतं? माझ्या घरात नवरा-बायको दोघं आपल्याच मंडळीतले होते."

तासभर वाद झाला. शेवटी तुझ्यावरचं बंधन उठवायचा ठराव पाच विरुद्ध तीन मतांनी झाला. 'क्षमा' हा शब्द घालायला नको म्हणाले, 'फेरविचार' घातला. पत्र तुला येईलच. मुलीचं लग्न नोंदणीने होईल, पाळकसाहेब नंतर घरी जाऊन दोघांसाठी प्रार्थना करतील. शाळामास्तरांनी विरोध नोंदवला, पण जाताना मला म्हणाले, "अख्खं वाचलंस, बरं केलंस." माणूस सरळ आहे.

इथेच पत्र संपवणार होते.

पण बाहेर पडताना नियमकाकांनी मला थांबवलं. चिडले नव्हते, नुसते गोंधळले होते. म्हणाले, "पोरी, एक सांग. त्या वेळी मी तर प्रकरण मिटवायला निघालो होतो. पोरगा ऑर्गन चांगला वाजवतो, चार दिवसांत लोक विसरतील, असंच म्हणालो होतो मी. चिठ्ठीवर ते जुवाचं वचन लिहून तूच आणून दिलंस."

टिल्लू, वर मी लिहिलंय की कमिटीने सांगितल्याचं मी तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. कमिटीने मला काहीही सांगितलं नव्हतं. मी न मागता गेले. मंडळीत त्या दिवसांत कुजबुज सुरू झाली होती, "या घरात एकीने नवरा सोडला, आता दुसऱ्याने हे केलं." मला वाटलं, तुझ्याविरुद्ध मीच पहिली बोलले तर माझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. कुणी दाखवलंही नाही.

गुरुवारी एवढं बोलले, पण हे गाळलं. आपल्याला हवं तेवढंच वाचायची सवय अशी सुटत नाही.

आज सकाळी शास्त्रपाठाला उभी राहिले तेव्हा आधी हे सांगितलं. पाच वाक्यं, त्यापेक्षा जास्त जमली नाहीत. काहींनी माना खाली घातल्या, एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आता कशाला उकरायचं?" नंतर दाराशी चौघीजणी माझ्याकडे न बघता गेल्या. नियमकाकांची पोरगी आली आणि नुसती शेजारी उभी राहिली. पाळकसाहेबांना मी सांगितलंय की काही महिने दुसऱ्या कुणाला वाचू द्या.

आणखी एक. आई गेली तेव्हा दफनानंतर सगळे बाहेर प्रार्थनेत होते आणि तुझी बायको आत स्वयंपाकघरात एकटी कप विसळत होती. मला म्हणाली, "ताई, तुम्ही बसा, मी करते." मी म्हटलं, "राहू दे," आणि तिच्या हातातला कप काढून घेतला. नऊ वर्षांत मी तिच्याशी बोललेलं वाक्य तेवढंच. तिने माझं काय बिघडवलं होतं? मी बिघडवलेलं तिला माहीतही नाही.

हे पत्र तिला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. माझ्या वतीने तिची माफी मागू नकोस, ते माझं काम आहे. तू रागावलास तर रागाव. स्कूटरचा तो दिवस आठवून, माझी कीव करून राग सोडून देऊ नकोस. माझ्याकडे फोन आहे, गाडी आहे, आणि रविवार आता मोकळे आहेत. पण मी आपणहून येणार नाही. तिने 'या' म्हटलं, तरच येईन.

तिच्या उत्तराची वाट बघणारी,
तुझी ताई