रकान्यात ‘होय’

सोमवार, ४ मार्च
पुन्हा तोच रकाना – ‘काही आजार आहे का?’ आयुष्यभर ‘नाही’ लिहीत आले. आणि दोन्ही नोकऱ्या पहिल्या फिटलाच गेल्या! रोजगार केंद्रातली मुलगी म्हणाली, “मावशी, या वेळी खरं लिहा. पुढचं मी त्यांच्याशी बोलते.” लिहिलं. होय – अपस्मार. अक्षर चांगलं आलं.

मंगळवार, ५ मार्च
धाकटी फोनवर कडाडली, “ताई, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास!” असेल. धोंडा माझा, पायही माझा. हे गेल्यापासून भिंतींशी बोलतेय, ते पुरे झालं.

सोमवार, ११ मार्च
काम मिळालं! ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवायची. महिनाभर चाचणी, मग साहेब ठरवणार. केंद्रातली मुलगी सोबत आली होती. कागद कापायचं यंत्र मी चालवायचं नाही, कापणी बाइंडरकाकांची – हे तिने लिहूनच घेतलं. काका मिशीत पुटपुटले, “म्हणजे राणीसाहेब नुसत्या शिवणार!”
दुपारी त्यांनी माझे टाके उलटून पाहिले. “कुठं शिकलात हो?”
कॉन्व्हेंटमध्ये, सिस्टरकडे. टाका वाकडा आला की उसवायला लावायच्या, मग हळूच लिमलेटची गोळी द्यायच्या. माझी पहिली फिट त्यांच्याच मांडीवर. तोंड पुसत म्हणाल्या, “कुणाला सांगू नकोस हो, बाळ.” मायेनेच म्हणाल्या. पण केवढं ओझं दिलं!

बुधवार, १३ मार्च
आज सगळ्यांना सांगितलं – मी, स्वतः! नऊ जण. फिट आली तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर ॲम्ब्युलन्स.
काका म्हणाले, “एवढंच? आमच्या सासूबाईंच्या सूचना याहून जास्त असतात.”
हसले सगळे. मीसुद्धा.

शनिवार, २३ मार्च
सतरा पुस्तकं झाली. गोळ्या वेळेवर, झोप वेळेवर. ही नोकरी टिकवणार म्हणजे टिकवणार!

मंगळवार, २ एप्रिल
आली. कामावरच.
शुद्धीवर आले तर कुशीवर होते, डोक्याखाली काकांचा स्वेटर. संपलं सगळं, म्हणून पिशवी शोधायला लागले. साहेब म्हणाले, “कुठं निघालात? बरं वाटलं की बसा कामाला.”
काकांना विचारलं, अर्धा तास गेला असेल ना?
“छे हो! दोन मिनिटं. मी घड्याळच बघत होतो.”
घरचे नुसते रडायचे. घड्याळ कुणी बघितलंच नव्हतं.
दोन मिनिटं! शाळेपासून मी दोन मिनिटांना भीत आले.